दप्तर, लिपी आणि सर्व्हर : वढू बुद्रुकच्या जमीनलेखांच्या निमित्ताने

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे महाराष्ट्रास परिचित आहे. १६८९ साली तुळापूर-वढूच्या परिसरात जे घडले त्याचा शोध घेणाऱ्यास बखरींबरोबरच सनदा, इनामपत्रे आणि गावकागद यांकडे वळावे लागते. जुन्या काळाचा पुरावा म्हणून आज जे उरले आहे ते बव्हंशी महसुली दप्तर आहे. कोणाच्या नावे कोणती जमीन, कोणत्या कामासाठी, कोणाच्या हुकुमाने, एवढ्याच गोष्टी लिहून ठेवणाऱ्या कारकुनांनी पुढील काळाच्या इतिहासाची सोय करून ठेवली. आज हेच काम कारकुनाच्या बोरूऐवजी सर्व्हर नावाचे यंत्र करते. ते यंत्र व त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम यांची निवड कशी झाली, त्या निवडीत कोणत्या विचारास प्राधान्य मिळाले आणि कोणता विचार मागे राहिला, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

आरंभी गावाच्या नावाचाच विचार करणे सोयीचे होईल. ‘बुद्रुक’ हा शब्द फारसी ‘बुजुर्ग’ या शब्दाचे मराठी रूप, आणि ‘खुर्द’ हा फारसीत ‘लहान’ या अर्थाचा. मोठी वस्ती ती बुद्रुक व धाकटी ती खुर्द, हा महसुली संकेत महाराष्ट्रभर आढळतो. त्याप्रमाणे वढू खुर्द नावाचे दुसरे गाव शेजारच्या हवेली तालुक्यात आहे. हातकागदांत बुद्रुकचे ‘बु॥’ असे संक्षिप्त रूप येते. मोडीत ह्रस्व-दीर्घ उकाराचा भेद सामान्यतः पाळला जात नसल्याने ‘वढू’ व ‘वढु’ एकच. रोमन लिपीत तर आरंभीचे अक्षर ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, मध्ये ‘एच’ लिहावयाचा की नाही, येथपासून मतभेद. गावकऱ्यास, तलाठ्यास किंवा इतिहासाभ्यासकास ही सर्व रूपे एकाच गावाची आहेत हे सांगावे लागत नाही. यंत्रास मात्र ते सांगावे लागते, कारण यंत्रास गाव दिसत नाही. त्यास दिसतो तो अंकांचा अनुक्रम. लाखो नावांचा साठा ज्या यंत्रात ठेवावयाचा, त्याच्या निवडीचा प्रश्न त्यामुळे नुसत्या वेगाचा व किंमतीचा राहत नाही. कोणते अक्षर कोणत्या अंकाने लिहावयाचे, हाही त्या निवडीचाच भाग असतो. यंत्र बदलले तरी लिहिलेले अंक मागे राहतात, आणि पुढील निवडीस तेच बांधून ठेवतात, असे या इतिहासावरून दिसून येते.

१. यंत्रापूर्वीचा डेटाबेस

संगणकाच्या आगमनापूर्वी गावात डेटाबेस नव्हता असे समजणे चुकीचे ठरेल. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी रूढ केलेल्या मोजणीपद्धतीची सुरुवात १८३६ साली पुणे जिल्ह्यातीलच इंदापूर तालुक्यात झाली. प्रत्येक शेतास सर्व्हे नंबर मिळाला, म्हणजे आजच्या परिभाषेत प्रत्येक नोंदीस एक अनन्य खूण मिळाली. १९०३ च्या कायद्याने अधिकार-अभिलेखाची पद्धत आली. पुढे गाव नमुना सात हा अधिकाराचा, गाव नमुना बारा हा पिकांचा, आठ-अ हा खातेदाराच्या एकूण धारणेचा आणि सहा ही फेरफारांची नोंदवही, अशी व्यवस्था स्थिरावली. ‘सातबारा’ हा शब्द या दोन नमुन्यांच्या जोडीतूनच मराठीत आला.

या नमुन्यांतील परस्परसंबंध लक्षपूर्वक पाहण्याजोगा आहे. जमीन विकली गेली किंवा खातेदार मृत्यू पावला, तर तलाठी एकदम सातबाऱ्यावरील नाव खोडून दुसरे लिहीत नसे. प्रथम नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होई, संबंधितांस नोटीस जाई, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत ठेवली जाई, अधिकारी नोंद प्रमाणित करी, आणि मगच तिचा अंमल सातबाऱ्यावर येई. मधेच काही विघ्न आले तरी नोंदवहीवरून खरी स्थिती पुन्हा उभी करता येई. मोठ्या डेटाबेसचे शास्त्र याच तत्त्वावर उभे आहे. मूळ तक्त्यात बदल करण्यापूर्वी तो बदल स्वतंत्र नोंदीत लिहून डिस्कवर पक्का करावयाचा. वीज गेली, यंत्र बंद पडले, तर त्या नोंदीवरून तक्ता पुन्हा सिद्ध करावयाचा. हा नियम विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकशास्त्राने सिद्धान्तरूपाने मांडला. गावचे दप्तर त्यापूर्वीपासून तो आचरीत होते.

या दप्तराने एक लिप्यंतरही अनुभवले होते. मोडी ही दप्तराची लिपी. शिरोरेषा आधी ओढून अक्षरे तिला लोंबकळत लिहावयाची, शब्दांत जागा सोडावयाची नाही, वेग हेच तिचे बळ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती शासकीय व्यवहारातून मागे पडली व बाळबोध तिच्या जागी आली. पुण्यातील पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३४ पर्यंत प्रसिद्ध झाले, परंतु उरलेले अफाट दप्तर मोडी वाचणाऱ्या मोजक्या जाणकारांवाचून मुके राहिले. कागद सुस्थितीत होता, शाई टिकून होती. हरवला होता तो संकेत वाचणारा. संगणकाच्या प्रकरणी हा धडा आधीच उपलब्ध होता, हे नमूद केले पाहिजे.

२. यंत्राची पहिली निवड

जमीनलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली सुरू झाली. देशातील आठ राज्यांमधून प्रत्येकी एक असे आठ जिल्हे प्रायोगिक म्हणून निवडले गेले. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. तांत्रिक भार राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राकडे, म्हणजे १९७६ साली स्थापन झालेल्या एनआयसीकडे होता. या संस्थेची मोठी यंत्रे त्या काळी दिल्ली, पुणे, भुवनेश्वर व हैदराबाद येथे होती आणि जिल्ह्यांच्या ठिकाणी उपग्रहाद्वारे जोडलेले लहान संगणक होते.

त्या वेळी निवड करणाऱ्यापुढे साधारणतः तीन मार्ग होते. पहिला मेनफ्रेमचा. आयबीएम कंपनीने १९६४ साली सिस्टीम/३६० ही यंत्रमाला जाहीर केली तेव्हापासून लहानमोठ्या यंत्रांवर एकच आज्ञावली चालावी ही कल्पना रूढ झाली होती. मेनफ्रेम भरवशाचे, परंतु अतिशय महाग. त्यास वातानुकूलित खोली व कायमचा तज्ज्ञवर्ग लागे. दुसरा मार्ग युनिक्सवर चालणाऱ्या यंत्रांचा. एकाच यंत्रास अनेक टर्मिनल जोडून अनेक कारकुनांनी एकाच साठ्यावर काम करावे ही सोय युनिक्समध्ये जन्मतःच होती. तिसरा मार्ग इंटेलच्या प्रोसेसरवर बेतलेल्या पीसीचा व डॉसचा. हे यंत्र दुबळे, एका वेळी एकाच माणसाचे. पण स्वस्त, आणि तालुक्याच्या गावी बिघडले तर तेथेच दुरुस्त होण्याजोगे.

निव्वळ डेटाबेसच्या दृष्टीने पाहिल्यास दुसरा मार्ग सरस होता. परंतु भारतीय भाषांच्या बाबतीत पारड्यात आणखी एक वजन पडले. या तिन्ही मार्गांवरील यंत्रांस देवनागरी ठाऊकच नव्हती. कानपूरच्या आयआयटीत विकसित झालेले आणि १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेने पुढे वाढविलेले जिस्ट तंत्रज्ञान हा त्यावरील उपाय ठरला. जिस्टचे कार्ड पीसीच्या आतील खाचेत बसविले की पडद्यावर अक्षरे जुळविण्याचे काम ते कार्ड स्वतः करी. इंग्रजीसाठी लिहिलेले डीबेससारखे साधन डॉसवर जसेच्या तसे चालत राही. आपण मराठी साठवीत आहोत याची त्यास जाणीवही नसे. युनिक्सच्या यंत्रांसाठी जिस्टची स्वतंत्र टर्मिनले निघाली, पण ती वेगळी विकत घ्यावी लागत, आणि त्या काळच्या युनिक्समधील कित्येक उपसाधने सात बिटांपलीकडील संकेत नीट हाताळीत नसत. मराठी सातबारा मराठीतच उमटला पाहिजे, ही अट एकदा मान्य झाली की यंत्राची निवड मोकळी राहत नसे. लिपीच यंत्र ठरवू लागे.

३. अक्षरांचा हिशेब

जिस्टच्या मुळाशी जो संकेत होता त्याचे नाव इस्की. भारतीय मानक संस्थेने तो १९९१ साली आय. एस. १३१९४ या क्रमांकाने प्रमाणित केला. त्याची रचना भाषाशास्त्राच्या दृष्टीने विलक्षण समंजस होती. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींचा वर्णक्रम मूलतः एक आहे हे जाणून एकच तक्ता सर्व लिपींस लावला होता. आठ बिटांपैकी खालचे १२८ संकेत इंग्रजीसाठी, वरचे भारतीय वर्णांसाठी. शिवाय तो वर्णांचा संकेत होता, आकृतींचा नव्हता. ‘द्रु’ हे जोडाक्षर म्हणजे द, हलन्त, र, उकार असे चार संकेत. पडद्यावर ते कसे दिसावे ही पुढची गोष्ट.

नव्वदच्या दशकात विंडोज आले आणि ही शिस्त ढळली. विंडोज ९५ व ९८ मध्ये देवनागरी जुळविण्याची अंगभूत सोय नव्हती. म्हणून फाँटचा मार्ग रूढ झाला. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृती बसवावयाच्या आणि पडद्यावर जे दिसते त्याच क्रमाने ते साठवावयाचे. परिणाम असा की ‘शिरूर’ मधील पहिली वेलांटी श च्या आधी साठविली जाऊ लागली, कारण दिसावयास ती आधी दिसते. प्रत्येक फाँटचा तक्ता निराळा; एका फाँटमध्ये लिहिलेले नाव दुसऱ्यात उघडले तर निरर्थक चिन्हांची रांग. छापील प्रत काढण्यापुरता हा मार्ग पुरेसा होता. परंतु डेटाबेसचे मुख्य काम छापणे हे नव्हे. शोधणे, ताडून पाहणे आणि क्रम लावणे हे होय. ज्या साठ्यात ‘शि’ हे अक्षर ‘श’ च्या घरातच सापडत नाही, तेथे अकारविल्हे यादी लागावयाची कशी? मोडीच्या बाबतीत वाचणारा हरवला होता. येथे लिहिताक्षणीच लेख एका विशिष्ट फाँटचा बंदी झाला होता.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग युनिकोडने दिला. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची; देवनागरीचा विभाग १९८८ च्या इस्कीवर बेतलेला. परंतु प्रमाण प्रसिद्ध होणे निराळे आणि ते यंत्रावर चालणे निराळे. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये युनिकोड साठविण्याची सोय १९९८ च्या सातव्या आवृत्तीत आली आणि विंडोजमध्ये देवनागरी नीट उमटू लागली ती विंडोज २००० पासून. भारत सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण म्हणून २००९ साली स्वीकारले. या मधल्या वर्षांत नोंदविलेला मजकूर कोणत्या संकेतात आहे हे तो कोणत्या वर्षी व कोणत्या साधनाने लिहिला यावर अवलंबून राहिले.

युनिकोडची किंमतही मोजावी लागते. ‘वढू बुद्रुक’ हे नाव मधल्या मोकळ्या जागेसह ११ संकेतांचे आहे. इस्कीत ते ११ बाइटांत मावते, यूटीएफ-१६ पद्धतीत त्यास २२ बाइट लागतात व यूटीएफ-८ मध्ये ३१. महाराष्ट्रात सातबारा उतारे सुमारे अडीच कोटी आहेत. प्रत्येकावर गाव, खातेदार, इतर हक्क यांची नावे. लहान डिस्क आणि तुटपुंजी मेमरी यांच्या काळात दुप्पट-तिप्पट जागेचा हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. आठ बिटांस चिकटून राहणाऱ्यांस नुसते जुन्याचे अभिमानी म्हणून बाजूस सारणे अन्यायाचे होईल.

शिवाय युनिकोड स्वीकारल्याने मराठीचे सर्व प्रश्न सुटले असेही नाही. मराठी वर्णमालेत ‘ळ’ चे स्थान ‘ह’ नंतर; संकेतक्रमात तो ‘ल’ च्या लगेच पुढे येतो. म्हणून केवळ अंकांच्या क्रमाने यादी लावल्यास ‘काळे’ हे आडनाव ‘काशीद’ च्या आधी येते. मराठी कोशाच्या शिस्तीने ते नंतर यावयास हवे. ‘वऱ्हाड’ किंवा ‘कऱ्हा’ यांतील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यास दोन्ही एकच, यंत्रास भिन्न. ‘ॲ’ या स्वरास स्वतंत्र संकेत २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. तत्पूर्वी तो ‘अ’ वर चंद्र देऊन लिहिला जाई, आणि तसे लिहिलेले साठे आजही आहेत. एकाच नावाच्या दोन नोंदी जुळत नाहीत म्हणून वारसाचा अर्ज अडतो, तेव्हा अडचणीचे मूळ यंत्राच्या वेगात नसून या बारीक भेदांत असू शकते. ऑपरेटिंग सिस्टीम व डेटाबेस निवडताना मराठीच्या क्रमवारीचे व समरूपीकरणाचे नियम त्यांत आहेत काय, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ मानता येत नाही.

४. तालुक्यातून केंद्राकडे

यंत्राचा साठा गावापासून किती दूर असावा, हा निवडीचा दुसरा अंग. कर्नाटकातील ‘भूमी’ योजनेने २००० नंतरच्या दोनतीन वर्षांत सुमारे दोन कोटी नोंदी संगणकावर आणल्या. तेथे विंडोज एनटी व एसक्यूएल सर्व्हर यांच्या आधारे तालुका कचेरीतच सर्व्हर ठेवण्याचा मार्ग पत्करला गेला आणि कन्नड लिपीसाठी जिस्टचाच आधार घेतला गेला. महाराष्ट्रातही प्रथम तालुका हाच पाया होता. वढूचा लेख शिरूरच्या यंत्रात. या रचनेचा गुण उघड आहे. एका तालुक्याचा साठा मध्यम आकाराच्या यंत्रास झेपतो, आणि एक यंत्र बिघडले तरी दुसऱ्या तालुक्याचे काम अडत नाही. दोषही तितकाच उघड आहे. शेकडो ठिकाणी शेकडो यंत्रे, प्रत्येकाची देखभाल वेगळी, राखीव प्रत काढण्याची शिस्त वेगळी, आणि आज्ञावलीची आवृत्तीही वेगळी राहण्याची शक्यता.

एकत्रीकरणाच्या आड काही काळ यंत्राची मर्यादाही होती. ३२ बिटांच्या प्रोसेसरचा पत्ता ४,२९,४९,६७,२९६ बाइटांपुढे, म्हणजे चार गिगाबाइटपुढे जात नाही. मोठा साठा वेगाने हाताळावयाचा तर त्याचा मोठा भाग मेमरीत ठेवता आला पाहिजे. त्यासाठी ६४ बिटांची यंत्रे हवीत. ती दीर्घकाळ सनची स्पार्क, आयबीएमची पॉवर, डीईसीची अल्फा अशा कुळांची व त्या त्या कंपनीच्या युनिक्सशी जखडलेली होती. २००३ साली एएमडीने पीसीच्याच कुळातील प्रोसेसर ६४ बिटांचा केला, आणि स्वस्त यंत्रांवर मोठे डेटाबेस चालविण्याचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतरचा क्रम बोलका आहे. अल्फाची विक्री २००७ साली थांबली. सन कंपनी २०१० साली ओरॅकलने विकत घेतली. इंटेल व एचपी यांनी ज्याच्यावर मोठी भिस्त ठेवली त्या इटॅनियमचा, २००१ साली बाजारात आलेल्या प्रोसेसरचा, पुरवठा २०२१ साली संपला. त्या त्या वर्षी ज्यांनी ही यंत्रे निवडली त्यांचे गणित चुकले असे नाही. यंत्राचे आयुष्य दप्तराच्या आयुष्यापेक्षा आखूड असते एवढेच. उलट सिस्टीम/३६० सोबत आलेला एब्सिडिक हा अक्षरसंकेत, जगाने आस्की स्वीकारल्यावरही, मेनफ्रेमच्या वंशजांत आजतागायत वापरात आहे. यंत्रे गेली, संकेत उरला.

२००८ साली केंद्राच्या राष्ट्रीय भूमिअभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रमास मंजुरी मिळाली. २०१६ पासून तो ‘डिजिटल इंडिया’च्या नावाने पुढे चालला. महाराष्ट्रात ई-फेरफार ही प्रणाली आली व हस्तलिखित सातबाऱ्याशी संगणकीय सातबारा ताडून पाहण्याचे काम राज्यभर झाले. २०१७ साली चावडीवाचनाची मोहीम निघाली. सातबारा गावात मोठ्याने वाचावयाचा आणि चूक असल्यास गावकऱ्याने ती दाखवावयाची. यंत्रातील लेखाची शहानिशा अखेर कानाने करावी लागली, ही घटना भाषेच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. पुढे उताऱ्याचा नमुना सुधारला गेला तेव्हा गावाच्या नावासोबत त्याचा ठराविक संकेतांकही छापला जाऊ लागला. बुद्रुक-खुर्द, ह्रस्व-दीर्घ, ‘व्ही’-‘डब्ल्यू’ यांतून निर्माण होणारा घोळ गावाच्या पातळीवर तरी या एका अंकाने मिटतो. खातेदाराच्या नावास मात्र अशी सोय नाही. तेथे अक्षरांवरच विसंबावे लागते.

अंकीय स्वाक्षरीमुळे संकेताचे महत्त्व आणखी वाढले आहे. कागदावरची सही अक्षरांच्या आकृतीखाली असते. अंकीय स्वाक्षरी बाइटांच्या अनुक्रमावर असते. दिसण्यात काडीचाही फरक न पडता एखादा संकेत बदलला, तर स्वाक्षरी जुळत नाही. अशा लेखाच्या बाबतीत अक्षरसंकेत हेच मूळ कागद आणि शाई होत.

साठे केंद्रस्थानी एकत्र आल्यानंतर अडचणीचे स्वरूप पालटले. पूर्वी ‘तलाठीभाऊसाहेब गावात नाहीत’ हे काम न होण्याचे कारण असे. नंतर ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे वाक्य शेतकऱ्याच्या तोंडी रुळले. जो शब्द तंत्रज्ञांच्या कक्षेबाहेर कधी गेला नसता तो पीककर्ज, खरेदीखत, वारसनोंद यांच्याशी जोडला जाऊन ग्रामीण मराठीचा झाला. केंद्रीकरणाने राखीव प्रत, सुरक्षितता व एकसूत्रता साधली, पण एका ठिकाणची अडचण सर्व गावांची झाली. म्हणून एकाच्या जागी दोन केंद्रे, दुसऱ्या ठिकाणी सतत अद्ययावत राहणारी प्रत, आणि गावापर्यंतच्या जाळ्याची क्षमता, या गोष्टींचा विचार यंत्राच्या निवडीपासून अलग करता येत नाही.

५. टेंभली येथील उदाहरण

निवडीचे निराळे तत्त्व महाराष्ट्राच्याच भूमीवर पाहावयास मिळते. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. त्यामागील साठ्याचा आकार प्रारंभापासूनच देशव्यापी धरलेला होता. एप्रिल २०१६ पर्यंत आधार क्रमांकांची संख्या शंभर कोटींवर गेली. या साठ्यासाठी एकच प्रचंड यंत्र घेण्याचा मार्ग टाळण्यात आला. बाजारात सहज मिळणारे सामान्य सर्व्हर मोठ्या संख्येने लावावयाचे, त्यांवर लिनक्स चालवावयाचे, साठ्याचे तुकडे करून मायएसक्यूएल, हडूप, एचबेस यांसारख्या खुल्या साधनांत ते वाटून ठेवावयाचे, असे धोरण आखले गेले. बोटांचे ठसे ताडण्याचे काम तीन निरनिराळ्या पुरवठादारांच्या प्रणालींकडे सोपविले, परंतु त्यांच्याशी बोलण्याची भाषा, म्हणजे जोडणीचे नियम, सार्वजनिक ठेवले. कोणताही पुरवठादार बदलता यावा हा त्यामागचा उद्देश. आधारच्या कायदेशीर व सामाजिक बाजूंविषयी मतभेद आहेत आणि ते स्वतंत्र चर्चेचे विषय आहेत. येथे प्रस्तुत आहे ते एवढेच की यंत्र मरणार हे गृहीत धरून ही निवड झाली होती.

खुल्या साधनांविषयी भाबडी श्रद्धाही बाळगून चालणार नाही. लिनक्समध्ये डिस्कवर लिहिताना आलेली चूक डेटाबेसला एकदा कळविली जाते आणि पुन्हा विचारल्यास सर्व ठीक असल्याचे उत्तर मिळू शकते, ही गोष्ट पोस्टग्रेसक्यूएलच्या विकसकांमध्ये २०१८ साली चर्चेस आली. ज्या नोंदी पक्क्या झाल्या असे वर्षानुवर्षे मानले त्या अपवादात्मक प्रसंगी पक्क्या नसाव्यात, असा त्याचा अर्थ होता. २०१९ साली सुधारणा झाली. अशी चूक येताच डेटाबेसने काम थांबवावे आणि आधी लिहिलेल्या नोंदीवरून साठा पुन्हा उभा करावा, असे ठरले. नमुना सहावरून सातबारा सिद्ध करण्याचाच हा प्रकार होय. दोष खुल्या साधनातही होता. मूळ आज्ञावली उघडी असल्याने तो शोधता, सांगता व दुरुस्त करता आला, हा तिचा लाभ.

६. उपसंहार

वरील इतिहासातून काही निष्कर्ष निघतात. वढूसारख्या गावाचा जमीनलेख मोडीतून बाळबोधीत, हातकागदावरून इस्कीच्या किंवा फाँटच्या संकेतात, तेथून युनिकोडमध्ये, आणि तालुक्याच्या यंत्रातून दूरच्या केंद्रात असा प्रवास करीत आला. प्रत्येक टप्प्यावर प्रोसेसर, मेमरी, ऑपरेटिंग सिस्टीम यांची चर्चा झाली व ती आवश्यकही होती, कारण दुबळ्या यंत्रावर न मावणारा साठा निरुपयोगी. तरीही पुढच्या पिढीस त्रास झाला तो जुन्या यंत्राच्या मंदगतीचा नव्हे. लेख ज्या संकेतात होता तो सार्वजनिक होता, तेथे स्थलांतर निभावले; तो एखाद्या साधनाच्या मालकीचा होता, तेथे नोंदी पुन्हा हाताने लिहाव्या लागण्याची वेळ येते.

म्हणून अशा निवडीच्या वेळी तीन प्रश्न अग्रस्थानी असावयास हवेत. हा साठा या यंत्रातून पूर्ण आणि अर्थासह बाहेर काढता येईल काय? त्यातील मराठी शोधण्याचे व क्रम लावण्याचे नियम लिखित आणि सर्वांस उपलब्ध आहेत काय? आणि यंत्र अवचित बंद पडले तर शेवटची प्रमाणित नोंद कोठे सापडेल? यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे यंत्रविक्रेत्याच्या पत्रकात मिळत नाहीत. ती भाषेच्या व दप्तराच्या जाणकारांनी द्यावयाची आहेत. निवडसमितीत त्यांना जागा नसते, ही या इतिहासातील एक ठळक उणीव म्हणावी लागेल.

मोडी लिपीस २०१४ साली युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत स्वतंत्र स्थान मिळाले. पेशवे दप्तरातील एखादे इनामपत्र आणि त्याच गावचा आजचा सातबारा एकाच साठ्यात, प्रत्येकी आपापल्या लिपीत ठेवता येणे त्यामुळे तत्त्वतः शक्य झाले आहे. वढूच्या मातीचा इतिहास ज्याला लिहावयाचा असेल त्याच्या दृष्टीने ही सामान्य गोष्ट नाही. आज शिरूर तालुक्यातील एखाद्या खातेदाराचे नाव यंत्रात जसे लिहिले जाईल, तसेच ते त्याच्या नातवास वारसनोंदीच्या वेळी आणि तीनशे वर्षांनी एखाद्या संशोधकास सापडेल, किंवा सापडणार नाही.